दोन लुगड्यांची वाकळ

कयाधू नदीच्या काठावरचं नरसी हे हिंगोली जिल्ह्यातलं गाव परंपरेने संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. जन्मसाल १२७०, घराणं शिंप्याचं. पंजाबात घुमानपर्यंत पोचलेल्या या संताची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि त्यांतल्या एका पदात गज, कात्री, सुई, दोरा ही शिंप्याची अवजारंच भक्तीची साधनं होऊन येतात. त्याच नामदेवांच्या घरी राहिलेल्या गंगाखेडच्या जनाबाईंची एक कथा कीर्तनांतून आजही सांगितली जाते. विठ्ठल जनीच्या झोपडीत आला, पहाटे काकड्याच्या घाईत निघताना आपलं पदक तिथेच विसरला आणि जनीची वाकळ पांघरून देवळात परतला. पुजाऱ्यांनी शोध घेतला तो पदकाचा; चोरीचा आळ आला जनीवर. देवाच्या अंगावर जी वाकळ होती ती कुणी शिवली, तिला किती दिवस लागले, हे कथेत कुणीच विचारत नाही. हा प्रश्न आपणही आजवर टाळत आलो आहोत. गोधडीला ‘मायेची ऊब’ म्हटलं की आपलं कर्तव्य संपतं. माझं म्हणणं असं की गोधडी ही मोजण्याची वस्तू आहे. तिच्यातलं कापड, टाके आणि तास मोजले तरच ती देणगी म्हणून किती मोठी आहे हे कळतं. न मोजता केलेलं तिचं कौतुक शिवणाऱ्या बाईच्या पदरात काहीच टाकत नाही.

मोजायला सुरुवात कापडापासून करू. मराठवाड्यात वाकळ आणि गोधडी हे दोन्ही शब्द चालतात. तान्ह्या बाळासाठी तिचंच छोटं रूप म्हणजे दुपटं. पण मोठी, दोघा-तिघांना पुरेल अशी वाकळ शिवायची तर तिचं माप लुगडंच ठरवून देतं. सुती लुगडं नऊ वार लांब आणि पन्हा साधारण सव्वा वार. ते लांबीत चार पदरी घातलं की सव्वादोन वार लांबीचे चार थर मिळतात. म्हणजे पावणेसात फूट, आडव्या झालेल्या माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंत पुरून थोडं उरणारी लांबी. तशी दोन लुगडी काठाला काठ भिडवून ठेवली की रुंदी अडीच वार, साडेसात फूट होते. कुठेही कात्री न लावता, एकही तुकडा वाया न घालवता, पांघरुणाचा आकार तयार. आत भर म्हणून धोतराचे, सदऱ्यांचे, परकरांचे मऊ झालेले तुकडे येतात. जिथे कापड विरलेलं असेल तिथे भर जास्त. या मांडणीत लुगड्याचे काठ वाकळेच्या दोन बाजूंना येतात आणि त्या कडा घट्ट होतात, कारण काठाची वीण मुळातच दाट असते. ज्या बायकांनी हे माप कधी कागदावर लिहिलं नाही, त्यांनी ते हातांत सांभाळलं.

आता टाके. वाकळ अंगणात किंवा ओसरीवर अंथरली जाते, कोपऱ्यांवर पाट किंवा दगड ठेवून ताणली जाते आणि थर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घातले जातात. मग खरं काम, धावदोरा. अनेक घरांत हा दोरा कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन करत मध्याकडे जातो. सुई थरांत शिरते, खालच्या हाताच्या बोटाला तिचं टोक लागलं की वर वळते. प्रत्येक टाका असा बोटाला विचारून वर येतो. दोन ओळींमध्ये एका बोटाचं, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटरचं अंतर धरलं, तर वर सांगितलेल्या मापाच्या वाकळेत ओळींची एकूण लांबी जवळपास २३५ मीटर भरते. एका सेंटिमीटरला एक टाका धरला तर साडेतेवीस हजार टाके. दोरा दुहेरी घेतला तर तो पाचशे मीटरच्या आसपास जातो. मिनिटाला दहा टाके या बऱ्यापैकी वेगाने, न थांबता, चाळीस तास. दुपारचं दोन तासांचं मोकळेपण रोज मिळालं तर एका बाईचे वीस दिवस; चार बाजूंना चार जणी बसल्या तर पाच दिवस. ओळी अर्ध्या बोटावर आणल्या तर हे सारं दुप्पट. उन्हाळ्यात शेतातली कामं संपलेली असतात आणि मृगाचा पाऊस अजून यायचा असतो, तेव्हा हे काम निघतं. त्यामागे हाच हिशेब आहे. एवढे तास वर्षाच्या दुसऱ्या कुठल्याही ऋतूत सलग सापडत नाहीत.

हा हिशेब समोर ठेवला की गोधडी भेट म्हणून का दिली जाते याचं उत्तर आपोआप मिळतं. बाळंतविड्यात कुंचीबरोबर दुपटं येतं, सासरी निघालेल्या लेकीच्या सामानात आईच्या लुगड्याची वाकळ असते, ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाच्या बोचक्यात सगळ्यात वर तीच असते. बाजारातून आणलेल्या वस्तूत देणाऱ्याचे पैसे असतात. वाकळेत त्याच्या आयुष्यातले मोजता येतील एवढे दिवस असतात, आणि तेही त्याने नेसलेल्या कापडात शिवलेले. जिथे जिथे माणसांना मोठी देणगी द्यायची होती आणि हाती पैसा नव्हता, तिथे ती या मार्गाने गेलेली दिसते. सुधा मूर्ती यांच्या ‘थ्री थाउजंड स्टिचेस’ या २०१७ सालच्या पुस्तकाचं नावच अशा भेटीवरून आलं आहे. उत्तर कर्नाटकात देवदासी प्रथेतून बाहेर पडलेल्या सुमारे तीन हजार स्त्रियांनी प्रत्येकीचा टाका घालून केलेलं पांघरूण त्यांना भेट दिलं. एका बाईने तीन हजार टाके घालणं हे कष्टाचं काम. तीन हजार जणींनी एकेक टाका घालणं ही साक्ष. अमेरिकेत क्लीव्ह जोन्स यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये एड्सने मेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ एक गोधडी सुरू झाली. त्या वर्षी ऑक्टोबरात वॉशिंग्टनमध्ये ती अंथरली तेव्हा तिला १,९२० तुकडे होते, प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट. ते माप थडग्याचं होतं. आपल्या वाकळेचं माप झोपलेल्या जिवंत माणसाचं आहे. दोन्हीकडे कापड माणसाच्या देहाच्या मापाने मोजलं गेलं आहे.

पहिला आक्षेप येतो तो असा की हे सगळं गरिबीचं उदात्तीकरण आहे. नवं पांघरूण घेण्याची ऐपत नव्हती म्हणून चिंध्या जोडल्या. त्यात कला कसली आणि देणगी कसली? आक्षेपातली पहिली अर्धी गोष्ट खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात आणि त्यानंतरही बराच काळ कोरडवाहू राहिलेल्या मराठवाड्यात कापड ही चैन होती. पण गरजेतून जन्मलेली वस्तू गरजेपुरतीच राहते, हा निष्कर्ष चुकीचा आहे. भगवान बुद्धांच्या संघात टाकून दिलेल्या कापडाची चीवरं होती. मगधातल्या भातखाचरांसारखी मांडणी करून त्यांचे तुकडे जोडावेत असं विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, सांगितलं आहे. वर्षावासानंतरच्या कठिन विधीत तर दान मिळालेल्या वस्त्राचं चीवर त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून पुरं करायचं आणि संघाने ते एका भिक्खूला द्यायचं, असा दंडक आहे. तुकड्यांचं कापड तिथे कमीपणाचं नव्हतं, व्रताचं होतं. विदर्भातले गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) यांना लोक गोधडेबुवा म्हणत. ठिगळांचं वस्त्र त्यांनी आयुष्यभर ठरवून अंगावर ठेवलं. आणि घरोघरीचा साधा पुरावा तर आणखी बोलका आहे. तान्ह्या बाळाला आपण जुन्याच मऊ कापडात गुंडाळतो. ज्याला सर्वांत जास्त जपायचं त्याला जुनं कापड, ही रीत श्रीमंत घरांतही होती. अनेक धुण्यांनी मऊ झालेलं सूत नव्या सुतापेक्षा त्वचेला चांगलं, हे त्यामागचं साधं ज्ञान.

दुसरा आक्षेप सोयीचा. आठवडी बाजारात आज काही शे रुपयांत झुळझुळीत, रंगीत ब्लँकेट मिळतं. ते हलकं असतं, लवकर वाळतं. आणि वाकळ ओली झाली की एकटीने उचलवत नाही. घटस्थापनेआधी घरातलं सगळं पांघरूण नदीवर नेऊन धुण्याच्या रितीत किती पाठी मोडल्या असतील याचा विचार केला तर हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. रोजच्या वापराचं पांघरूण म्हणून ब्लँकेट जिंकलं आहे आणि ते जिंकावं. पण भेट म्हणून तुलना केली तर चित्र बदलतं. हरियाणातल्या पानिपतला जगभरातून येणारे टाकाऊ लोकरी कपडे यंत्रात फाडून, पिंजून, पुन्हा कातून स्वस्त ब्लँकेटं बनतात. म्हणजे तिथेही कच्चा माल जुनं कापडच. फरक असा की तिथे जुना कोट धागाधागा सुटा होतो आणि तो कुणाचा होता हे कायमचं पुसलं जातं. वाकळेत आजीचं हिरवं लुगडं हिरवंच राहतं, आजोबांच्या धोतराचा काठ काठच राहतो. शिवणारी बाई कापड जोडते, पण त्याची ओळख मोडत नाही. पांघरणाऱ्या मुलाला बोट ठेवून सांगता येतं की हा तुकडा कुणाचा. हे काम कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचं आहे, कारण यंत्राला ते लुगडं कुणी नेसलं होतं हे ठाऊकच नसतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याचं उत्तर देताना गोधडीप्रेमींनी अडखळायला हवं. ही देणगी कुणाच्या श्रमांवर उभी आहे? घरकाम आणि शेतकाम उरकल्यावर उरलेल्या दोन तासांत बायकांनी हे केलं. त्या तासांना कुणी मजुरी दिली नाही आणि वाकळेवर कुणाचं नावही नाही. मग तिचं गुणगान म्हणजे त्याच फुकट श्रमांचं गुणगान नव्हे का? कौतुक करून तिथेच थांबलो तर आहे, असं मला वाटतं. म्हणूनच मोजायला हवं. वरच्या हिशेबातले चाळीस तास म्हणजे आठ तासांचे पाच रोज. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी रोजाला ३१२ रुपये होती. त्या दराने फक्त टाके घालण्याची मजुरी १,५६० रुपये होते. कापड निवडणं, धुणं, जोडणं, दोरा, सुई, जागा हे सारं वेगळं. आणि हे दर अकुशल कामाचे आहेत; सहा-सात थरांतून साडेतेवीस हजार टाके सरळ ओळीत नेणं हे अकुशल काम म्हणणं धाडसाचं होईल. म्हणून एवढ्या मापाची, हाताने शिवलेली गोधडी कुठल्याही प्रदर्शनात हजाराच्या आत मिळाली, तर ग्राहकाने आनंदण्याआधी समजून घ्यावं की उरलेले पैसे कुणा बाईने आपल्या खिशातून घातले आहेत. बचत गटांच्या गोधड्या आज शहरात विकल्या जातात, मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत गावोगावच्या गटांचा माल येतो, ही चांगली गोष्ट आहे. पण किमतीची चिठ्ठी लावताना तिच्यावर तासही लिहावेत. घरात शिवलेल्या वाकळेला पैसे नकोत, पण एका कोपऱ्यात शिवणारणीचं नाव आणि साल दोऱ्यानेच घालायला पाच मिनिटं पुरतात.

बाजारासाठी शिवली की गोधडीतला जीव जातो, असंही कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. नाव आणि मजुरी यांनी देणगी लहान होत नाही. उलट जिचे तास मोजले गेले आहेत तीच बाई जेव्हा स्वतःच्या नातवासाठी मोजदाद बाजूला ठेवून वाकळ शिवते, तेव्हा तिने काय दिलं हे घरातल्या सगळ्यांना कळतं. खरा धोका बाजाराचा नाही, कापडाचा आहे. नऊवारी नेसणाऱ्या बायका गावागावांत कमी होत चालल्या आहेत. घरातल्या रोजच्या साड्या कृत्रिम धाग्याच्या झाल्या. त्या घाम शोषत नाहीत, थर एकमेकांवरून निसटतात आणि सुईला धरून राहत नाहीत. तशा साड्यांची वाकळ दिसायला झगझगीत होते, पण अंगाला चिकटून बसत नाही. शिवणारे हात अजून आहेत, दुपारही काढता येईल. आधी संपणार आहे ते जुनं, मऊ, सुती लुगडं. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत या पाचही तालुक्यांत कापूस पिकतो आणि तरी तिथल्या घरांत सुती कापडाची वाकळ दुर्मीळ व्हावी, हे मनाला लागणारं आहे.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच. घरात आजीची, आईची सुती लुगडी असतील तर ती बोहारणीला भांड्यांच्या बदल्यात देण्याआधी एकदा अंगणात अंथरून पाहा. चार पदरी घाला, दुसरं लुगडं शेजारी ठेवा, माप बघा. शिवायला स्वतः बसा, चौघींना बोलवा, किंवा शिवणाऱ्या बाईला तासांप्रमाणे पैसे देऊन शिवून घ्या. कोपऱ्यात तिचं नाव घाला. दोन लुगडी, पाचशे मीटर दोरा आणि चाळीस तास लागतात.