तळ्याची नाडी कोण तपासणार?

पहाटे तळ्याच्या काठाला मेलेल्या माशांचा खच दिसला, की पाण्यात कुणी विष कालवले का, अशी चर्चा सुरू होते. अनेकदा कारण वेगळेच असते. मासे गुदमरून मेलेले असतात.

सांडपाणी तळ्यात मिसळले की त्यातील घाण कुजवणारे जिवाणू वाढतात आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवू लागतात. दिवसा शेवाळ ऑक्सिजन तयार करते. रात्री मात्र तेही तो वापरते. त्यामुळे पहाटे ऑक्सिजनची पातळी सर्वांत खाली जाते. हा धोका बहुधा एका रात्रीत उभा राहत नाही. तळ्यात घाण साचत असते, आकडे घसरत असतात. फक्त ते मोजणारे कुणी नसते.

केंद्रीय आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळे ठरावीक ठिकाणी पाण्याचे नमुने घेतात. पण प्रत्येक ओढा, प्रत्येक गावतळे त्यांच्या यादीत असणे शक्य नाही. ही उणीव स्वयंसेवक काही अंशी भरून काढू शकतात. अमेरिकेत १९९४पासून हौशी नागरिक दरवर्षी आपापल्या तळ्यांची पारदर्शकता मोजून नोंदवत आहेत. आपल्याकडे जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच जणांना, शक्यतो महिलांना, तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

काय मोजायचे?

सर्वांत साधे साधन म्हणजे सेक्की तबकडी. इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५मध्ये भूमध्य समुद्रात ती वापरली. तळ्यासाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या पाकळ्यांची तबकडी खुणा केलेल्या दोरीने पाण्यात सोडतात. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी म्हणजे पारदर्शकता. गाळ किंवा शेवाळ वाढले की हा आकडा कमी होतो.

याशिवाय पाण्याचे तापमान, सामू (पीएच) आणि विरघळलेला ऑक्सिजन साध्या संचाने मोजता येतो. आंघोळीयोग्य पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि सामू ६.५ ते ८.५ असावा, असा केंद्रीय मंडळाचा निकष आहे.

एकच आकडा फसवतो

हिरव्यागार तळ्यात दुपारी तीन वाजता ऑक्सिजन भरपूर आढळेल. त्याच तळ्यात पहाटे मासे तडफडत असतील. तापमानाचाही परिणाम होतो: २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणून जागा तीच, वेळ तीच आणि पद्धतही तीच ठेवावी. पाऊस, पाण्याचा रंग, वास, फेस, जलपर्णी यांचीही तारखेसह नोंद करावी. वर्षभराची अशी वही असेल, तर नेहमीचा चढउतार कोणता आणि खरा बिघाड कोणता, हे ओळखता येते.

नितळ म्हणजे शुद्ध नव्हे

पिण्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी. विहिरीचे पाणी काचेसारखे दिसत असले तरी त्यात मैलापाण्याचे जंतू असू शकतात. त्यासाठी गावोगावी वापरली जाणारी एच-टू-एस कुपी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी विकसित केली. तिची माहिती १९८२मध्ये प्रसिद्ध झाली. कुपीत खुणेपर्यंत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचे. पाणी काळे पडले तर मैलापाणी मिसळल्याचा संशय धरावा, पाणी उकळूनच प्यावे आणि ग्रामपंचायतीला व आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. पाणी काळे पडले नाही, तरी फ्लोराइड किंवा नायट्रेट नाही असा त्याचा अर्थ होत नाही. त्या चाचण्या वेगळ्या कराव्या लागतात.

नोंदींचे पुढे काय?

स्वयंसेवकांचे आकडे न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाहीत. १९७४च्या जल प्रदूषण कायद्यानुसार त्यासाठी मंडळाने विहित पद्धतीने नमुना घ्यावा लागतो. पण ‘ओढ्याला घाण वास येतो’ या तक्रारीपेक्षा ‘पुलाखालच्या जागी गेले सहा रविवार ऑक्सिजन सतत घटतो आहे’ ही तक्रार अधिक वजनदार ठरते. नमुना कुठे आणि केव्हा घ्यावा, हेही त्यातून यंत्रणेला कळते.

हे काम करताना काळजी हवीच. एकट्याने पाण्याजवळ जाऊ नये. पूर असताना मोजणी टाळावी. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून शरीरात शिरतात. हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. चाचणीतील रसायने तळ्यात ओतू नयेत. वेगळ्या बाटलीत साठवावीत.

सुरुवातीला एक जागा, एक वही आणि महिन्यातून दोन फेऱ्या पुरेशा आहेत. त्या चुकू नयेत, एवढेच महत्त्वाचे.