हेलिकॉप्टरचा पांगुळगाडा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्यापैकी कुणाच्या तरी घरी रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर येतंच. कुणी मुलीच्या वाढदिवसाला आणतं, कुणी मुलीचं निमित्त करून स्वतःसाठी. आमच्याकडे दुसरा प्रकार झाला. पहिलं उड्डाण पाच सेकंदांचं. धड वर उठायच्या आतच ते डावीकडे कललं, पाती डांबरावर आपटली, आणि पाती, मधला दांडा, मोठं दातेरी चाक असा सगळा खर्च एका दमात झाला. मुलगी काही बोलली नाही. माझ्या हातातल्या रिमोटकडे एकदा बघून घरात गेली. पुण्याहून आलेले माझे बाबा मात्र म्हणाले, "अरे, ह्याला पांगुळगाडा नाही का मिळत?"

मिळतो. दुकानात ‘ट्रेनिंग गिअर’ म्हणून मागायचा. दोन लांब काड्या फुलीसारख्या एकमेकींवर, चार टोकांना चार पोकळ चेंडू, आणि हे सगळं हेलिकॉप्टरच्या पायांना खालून बांधलेलं. ज्यात एकावर एक दोन पंखे असतात, त्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरना हे लागत नाही. ती स्वतःच सावरतात. एकच मोठा पंखा आणि शेपटीला छोटा पंखा असेल, तर मात्र घ्याच.

का, ते सांगते. बहुतेक मॉडेलमध्ये मोठा पंखा वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, त्यामुळे धड उलट दिशेला फिरायला बघतं. शेपटीचा पंखा ते थोपवतो, पण थोपवताना सगळं हेलिकॉप्टर थोडं डावीकडे ढकलतो. हवेत असताना हे सहज सावरता येतं. जमिनीवर अर्धवट हलकं झालेलं असताना डावा पाय गवतात किंवा डांबराच्या खडबडीत अडकतो, आणि त्या पायाभोवती सगळं हेलिकॉप्टर उलथतं. नवशिक्या माणूस घाबरून अगदी हळूहळू पॉवर देतो, म्हणजे नेमका ह्याच धोक्याच्या अवस्थेत जास्त वेळ थांबतो. गिअर बांधलं की पायांचा पसारा वाढतो, आणि चेंडू गोल असल्यामुळे अडकण्याऐवजी घसरतात.

आता निवड. पहिलं बघायचं ते लांबी. माझा आडाखा असा, की समोरासमोरच्या दोन चेंडूंमधलं अंतर साधारण मोठ्या पंख्याच्या व्यासाइतकं असावं. ‘४५०’ मापाच्या हेलिकॉप्टरची पाती सुमारे ३२५ मिलिमीटरची असतात, पंख्याचा व्यास ७० सेंटिमीटरच्या आसपास येतो; तेव्हा गिअरही तेवढंच. दिसायला सुटसुटीत म्हणून आखूड गिअर घेऊ नका. कललं की पात्यांचं टोक चेंडूच्या आधी जमिनीला लागतं, आणि मग ते बांधून उपयोग काय?

दुसरं, वजन आणि लवचीकपणा. कार्बन फायबरच्या किंवा फायबरग्लासच्या बारीक काड्या उत्तम. उतरताना त्या थोड्या वाकून दणका खातात. हार्डवेअरच्या दुकानातल्या लाकडी गोल दांड्या स्वस्त पडतात, पण जड असतात आणि ते वजन मध्यापासून लांब असतं. मग हेलिकॉप्टर सुस्त होतं. स्टिक हलवली तरी ऐकायला वेळ लावतं आणि ऐकलं की थांबत नाही. मुलांना वाटतं आपलंच चुकतंय. अगदी लिबलिबीत काड्याही नकोत, कारण पंखा वेग घेताना सगळं डुलायला लागतं आणि काडी वर उसळून पात्यांपर्यंत जाऊ शकते. पूर्वी काही हौशी मंडळी खाली चक्क हुलाहूप बांधायची!

वजनावरून एक सरकारी गोष्ट. इथे अमेरिकेत हौसेखातर उडवायचं मॉडेल २५० ग्रॅमच्या वर गेलं की एफएएकडे नोंदणी करावी लागते. ५ डॉलर, ३ वर्षांसाठी. हे वजन बांधलेल्या सगळ्या वस्तूंसकट मोजतात. २४० ग्रॅमचं हेलिकॉप्टर गिअरमुळे सहज हद्द ओलांडेल, म्हणून गिअर बांधूनच काट्यावर ठेवा. ‘ट्रस्ट’ नावाची ऑनलाइन परीक्षा मात्र वजन काहीही असलं तरी द्यायचीच. ती फुकट आहे.

बांधताना बॅटरी जागेवर ठेवा, पण तिची वायर काढलेली असू द्या. फुलीचा मध्य मोठ्या पंख्याच्या दांड्याच्या बरोबर खाली यायला हवा. नंतर पंख्याच्या मध्याशी दोन बोटांत धरून उचला. धड आडवं, सपाट राहिलं तर ठीक. नाक किंवा शेपूट झुकलं तर बॅटरी पुढेमागे सरकवा. झिप टाय घट्ट आवळा आणि उरलेली टोकं कापून टाका. मागच्या काड्या शेपटीच्या पंख्यापासून दूर आहेत ना, तेही हाताने फिरवून बघा.

उडवायला गुळगुळीत सपाट जागा हवी, आणि तिथे परवानगीही हवी. पाती मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेरे घेतात, तेव्हा डोळ्यांवर गॉगल, मागे निदान पाच-सहा मीटर अंतर, आणि धाकटी भावंडं गाडीत. शेपूट आपल्याकडे ठेवायची, नजर नाकावर. जमिनीवर असताना डावी-उजवी स्टिक ढवळायची नाही. उजवीकडे अगदी किंचित दाब देऊन, न रेंगाळता उचलायचं.

गिअर कधी काढायचं, ह्यावर हौशी लोकांत वाद आहेत. काही जण म्हणतात, आता सिम्युलेटर आहेत, हेलिकॉप्टर आपोआप सपाट करणारं यंत्र आहे, मग गिअर हवंच कशाला? मला हे पटत नाही. सिम्युलेटरवर पडलं तर बटण दाबून परत उठतं. पण गिअर वर्षभर ठेवणंही बरोबर नाही, कारण धप्पकन उतरायची सवय लागते. आम्ही असं केलं: सलग पाच बॅटऱ्या एकाच जागी तरंगत ठेवून हलकेच उतरवता आलं, तेव्हा चारही काड्या दोन-दोन इंच कापल्या. आणखी काही दिवसांनी पुन्हा दोन इंच. गिअर जाताना वजन बदलतं, म्हणून पहिल्या खेपेला हेलिकॉप्टर जास्त चपळ वाटेल. रिमोटवर स्टिकची तीव्रता थोडी कमी करून ठेवा.

आमच्या काड्या आता जेमतेम वीतभर उरल्या आहेत. रिमोट मुलीकडे असतो. मी मागे उभी राहून बॅटऱ्या मोजते.