ग्रंथविद्या आणि हस्तविद्या : अकोटा येथील एक उदाहरण

मानवविद्यांचा अभ्यास आणि हाताने करावयाचे काम यांची सांगड महाविद्यालयात घालावी, याविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तिचा पुरस्कार केला आहे. परंतु व्याख्यानांच्या जोडीला एखादी कार्यशाळा ठेवली की सांगड झाली, हा जो समज सर्रास आढळतो तो अपुरा आहे. बडोद्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे.

बडोदा कॉलेज १८८१ साली निघाले. तेथे वाङ्मय, इतिहास व तत्त्वज्ञान. पुढे १८९० साली महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने व त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन स्थापन झाले. तेथे यंत्रविद्या, रंगकाम, चित्रकला. दादासाहेब फाळके येथेच शिकले. दोन्ही संस्था नामांकित. पण ग्रंथ वाचणारा एका दाराने जाई, हत्यार धरणारा दुसऱ्या. आपल्या समाजात हे अंतर केवळ दारांचे नव्हते, जातीचेही होते, हे विसरता येत नाही.

१९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले व दोन्ही परंपरा एका छत्राखाली आल्या. १९५० साली ललितकला विद्याशाखा सुरू झाली. तेथे चित्रकार-शिल्पकार होऊ पाहणाऱ्यास पदवीसाठी कलेचा इतिहासही अभ्यासावा लागला. ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखा चित्रकार तेथे अध्यापक होता.

तथापि खरी गाठ कोठे पडते ते विश्वामित्रीच्या पश्चिमेस अकोटा येथे पाहावे. प्राचीन अंकोट्टक ते हेच. १९५१ साली येथे जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला. त्यांपैकी अडुसष्ट ज्ञात असून त्या सहाव्या ते बाराव्या शतकांतील मानल्या जातात. उमाकांत शहा यांचा त्यांवरील ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. अनेक मूर्तींवर लेख आहेत, पण वर्ष मात्र फारच थोड्यांवर. मग काळ ठरवावयाचा कसा? अक्षरांचे वळण पाहावे लागते, तेथे लिपिशास्त्र हवे. मूर्तीचे अलंकार व वस्त्र पाहावे लागते, तेथे ग्रंथांतील वर्णने हवीत. आणि मेणाची प्रतिमा मातीत मढवून, मेण वितळवून, त्या पोकळीत धातू कसा ओततात हे ज्याने ओतशाळेत पाहिले आहे, त्यालाच मूर्तीवरील एखादी खूण कारागिराच्या हेतूची की ओतकामातील दोषाची, हे ओळखता येते. एकट्या पंडिताने दोषास शैली म्हणावे, एकट्या कारागिराने लेखाकडे नक्षी म्हणून पाहावे, असा धोका दोन्हीकडे असतो. याच सुमारास, १९५१-५२ साली, विद्यापीठातर्फे डॉ. सुब्बाराव यांनी बडोदा परिसराचे पुरातत्त्वीय अन्वेषण केले. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यास खापर हाती धरावेच लागते. वाचलेल्या कालक्रमास खणलेला थर अनेकदा खोटे पाडतो.

येथे आपल्या प्रशिक्षणकेंद्रांचा विचार सहजच मनात येतो. उमेदवार शास्त्राचा अर्थ वर्गात शिकतो आणि रविवारी खेड्यातील मंडळीत जातो. दोन्ही गोष्टी होतात, पण बहुधा एकमेकींस विचारल्यावाचून. एखाद्या शेतमजुराने कर्जाविषयी विचारलेला प्रश्न कर्जमाफीच्या दाखल्यावरील पुढच्या तासात आला, तर त्या उताऱ्याचे विवरण निराळे होईल. आणि विवरण पक्के असेल तर पुढील भेटीत उत्तरही निराळे होईल. यासाठी नवी इमारत नको. सोमवारचा पहिला तास रविवारच्या नोंदवहीसाठी राखून ठेवावा, आणि त्या तासाला ग्रंथ शिकविणाऱ्या अध्यापकानेच बसावे.