टीएसएच वाढलं म्हणजे नेमकं काय झालं?

रिपोर्टवर टीएसएचचा आकडा वाढलेला दिसला की घरात लगेच म्हटलं जातं, ‘थायरॉइड वाढलंय.’ खरं तर अशा वेळी बहुधा थायरॉइडचं काम कमी पडत असतं. टीएसएच थायरॉइडमध्ये तयारच होत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. म्हणून हा आकडा वाचायचा तर दोन्ही ग्रंथींचा व्यवहार समजून घ्यायला हवा.

थायरॉइड गळ्याच्या पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या खाली असते. वजन साधारण १५ ते २० ग्रॅम. इतर अंतःस्रावी ग्रंथींप्रमाणे तिलाही नळी नसते. तिचा स्राव थेट रक्तात मिसळतो. रक्तातलं आयोडीन ओढून घेऊन ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं बनवते. नावातला आकडा म्हणजे आयोडीनच्या अणूंची संख्या. बाहेर पडतं ते मुख्यतः टी-४. पुढे यकृतासारख्या अवयवांत त्यातला एक अणू निघतो आणि अधिक प्रभावी टी-३ तयार होतं. पेशींनी ऊर्जा किती वेगाने वापरायची, हे टी-३ ठरवतं. म्हणूनच ते कमी पडलं की थकवा, थंडी न सोसणं, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, मंद नाडी अशा वरवर असंबद्ध तक्रारी एकत्र येतात.

आता नियंत्रण. मेंदूतला हायपोथॅलॅमस टीआरएच सोडतो, त्याने पिट्युटरी टीएसएच सोडते आणि टीएसएचमुळे थायरॉइड कामाला लागते. रक्तात टी-४, टी-३ पुरेसं झालं की तेच वरच्या दोघांना आवरतं. टाकीतल्या बॉलकॉकचं तंत्र हेच: पाणी उतरलं की तोटी उघडते, भरलं की बंद होते.

थायरॉइड दुबळी झाली की पिट्युटरी टीएसएच वाढवत नेते. टी-४ थोडं जरी घटलं, तरी टीएसएच कितीतरी पटींनी चढतं. त्यामुळे टी-४ अजून नॉर्मल मर्यादेत असतानाही टीएसएच वाढलेलं सापडू शकतं. ग्रेव्हज आजारात उलटा प्रकार होतो. शरीरातली प्रतिपिंडं टीएसएचची जागा घेऊन थायरॉइडला सतत राबवतात. पिट्युटरी गप्प बसते, टीएसएच जवळजवळ शून्यावर येतं, पण प्रतिपिंडांना आवरणारं कोणी नसतं. क्वचित पिट्युटरीच बिघडलेली असते. तेव्हा टी-४ कमी असूनही टीएसएच वाढत नाही. म्हणून डॉक्टर गरजेनुसार दोन्ही तपासतात.

टीएसएचमुळे ग्रंथीची वाढही होते. आहारात आयोडीन नसेल तर टी-४ बनत नाही, टीएसएच चढंच राहतं आणि ग्रंथी फुगते; हाच गलगंड. हिमालयाच्या पायथ्याशी तो पूर्वी सर्रास दिसे. १९५६ मध्ये कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त मीठ, तर एका भागात साधं मीठ पुरवून पाहिलं. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड स्पष्टपणे घटला. प्रौढाची रोजची गरज आहे अवघी १५० मायक्रोग्रॅम. मात्र आयोडीन पुरेसं मिळत असतानाही थायरॉइड मंदावते, त्याचं नेहमीचं कारण हाशिमोटो आजार: शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. तिथे जादा मीठ खाऊन उपयोग नाही.

उपाय म्हणजे टी-४चीच गोळी. ती रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता नंतर. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिचं शोषण अडवतात, म्हणून मध्ये चार तासांचं अंतर हवं. रक्तातलं टी-४ निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. नवी पातळी स्थिरावून पिट्युटरीने तिची दखल घेईपर्यंत सहा ते आठ आठवडे जातात, म्हणून डोस बदलल्यावर पुढची तपासणी तेवढ्या अवधीने करतात.

त्या तपासणीत टीएसएच नॉर्मल आलं की काही जण गोळी सोडून देतात. पण पिट्युटरी फक्त रक्तातली पातळी ओळखते. टी-४ ग्रंथीतून आलं की गोळीतून, हे तिला कळत नाही. आकडा जागेवर आला याचा अर्थ डोस बरोबर बसला, एवढाच. गोळी कमी करायची की थांबवायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.