वाघोलीचा निळा स्फटिक

पुण्याहून नगर रस्त्याने निघालो की वाघोली लागते. तेथील दगडखाणी बांधकामाच्या खडीसाठी परिचित. पण जगभरच्या खनिज-संग्राहकांना वाघोली ठाऊक आहे ती एका गडद निळ्या खनिजासाठी. त्याचे नाव कॅव्हनसाइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या शब्दांतली अक्षरे जोडून हे नाव तयार झाले. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सापडलेल्या नमुन्यांवरून १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. तेथले स्फटिक अगदी लहान होते. वाघोलीच्या खाणींनी भरघोस नमुने दिले.

काळ्या पाषाणात हा निळा रंग आला कोठून? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. रस थिजताना वायूंचे बुडबुडे अडकले व खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे भेगांतून झिरपणाऱ्या ऊन पाण्याने खडकातील द्रव्ये विरघळवून या पोकळ्यांत आणली आणि तेथे स्फटिक वाढले. कॅव्हनसाइटचे गोलसर निळे झुबके बहुधा पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले दिसतात. यावरून आपण क्रम ओळखू शकतो : आधी स्टिल्बाइट, मग कॅव्हनसाइट. निळा रंग व्हॅनेडियमचा. प्रकाशातील तांबड्या बाजूचा भाग ते शोषून घेते, म्हणून आपल्याला निळा दिसतो.

मग याची अंगठी का होत नाही? मोहस् यांच्या काठिण्यश्रेणीत नीलम ९ वर, तर कॅव्हनसाइट ३ ते ४ च्या दरम्यान. हवेतल्या धुळीत असणाऱ्या क्वार्ट्‌झचे काठिण्य ७. त्या धुळीनेच तो ओरखडेल. शिवाय तो ठिसूळ. म्हणून त्याला पैलू न पाडता मूळ खडकासह जसाच्या तसा जपतात. झुबका अभंग, रंग गडद आणि खाली शुभ्र स्टिल्बाइट, असा नमुना संग्राहकांना विशेष प्रिय.

येथे एक पेच आहे. सुरुंग लागला नाही तर पोकळी उघडत नाही. आणि सुरुंगानेच कित्येक स्फटिक फुटतात. जे वाचतात ते हातोहाती दूर जातात. सोबत स्थळाची चिठ्ठी नसेल, तर त्यांचा भूशास्त्रीय इतिहास हरवतो आणि उरतो केवळ एक निळा खडा.

शाळेच्या संग्रहातही हाच नियम पाळू या. चालू खाणीत मुलांना नेऊ नये. पण खडीच्या ढिगात पांढरे स्फटिक सहज मिळतात. प्रत्येकासोबत स्थळ, तारीख आणि खडकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. कोणता थर कोणावर बसला आहे, हे मुलांनाच शोधू द्यावे.