गंजाचा उपयोग

विळी दोन दिवस ओली राहिली, कीं तिच्या पात्यावर तांबूस गंज चढतो. गंज म्हणजे लोखंडाचा नाश, अशी सर्वसाधारण समजूत आहे, व ती खोटी नव्हे. परंतु लोखंड गंजतें तेव्हां तें स्वतःजवळचे विद्युत्कण दुसऱ्या पदार्थास देऊन टाकीत असतें. उघड्यावर ते हवेंतील प्राणवायु घेतो. जमिनीच्या पोटांत, जेथें प्राणवायूचा तुटवडा असतो, तेथें ते घेणारा दुसराच कोणी भेटतो. आणि तो जर विषारी असला तर त्याचें विष उतरतें. दूषित भूजल शुद्ध करण्याची एक पद्धति या एवढ्याच गोष्टीवर उभी आहे.

यंत्रांच्या भागांवरील तेलकटपणा काढण्यासाठीं ट्रायक्लोरोएथिलीन नांवाचा द्रव कारखान्यांतून फार वापरला गेला. तो पाण्याहून जड असल्यामुळें सांडला कीं मुरत मुरत खोल जाऊन बसतो, आणि वर्षानुवर्षें थोडथोडा विरघळत राहतो. धातूंना मुलामा देण्याच्या कारखान्यांत क्रोमियम लागतें. त्याचें षट्संयुजी रूप पाण्यांत सहज विरघळतें. दोन्ही पदार्थ कर्करोगास कारण होणारे. असलें पाणी उपसून वर शुद्ध करावें, हा सरळ उपाय. अमेरिकेंत तो पुष्कळ झाला. पण तेथील राष्ट्रीय संशोधन मंडळानें १९९४ सालीं अशा ७७ ठिकाणांचा आढावा घेतला, तेव्हां ६९ ठिकाणीं ठरविलेली शुद्धता आलेली नव्हती. पंप थांबला कीं मातींत दडलेलें विष पुन्हा पाण्यांत उतरतें.

कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठांत १९८० नंतरच्या दशकांत निराळ्याच गोष्टीचा तपास चालू होता. नमुने घेण्याच्या साधनांमुळें पाण्यांतील द्रव्यांत कांहीं फरक पडतो कीं काय, हें पाहावयाचें होतें. धातूच्या सहवासांत हे क्लोरीनयुक्त द्रव नाहींसे होतात, असें तेथें आढळलें. दुसऱ्या कोणी ती केवळ प्रयोगांतील अडचण मानली असती. रॉबर्ट गिलहॅम व त्यांचे सहकारी यांनीं तिच्यांत उपाय पाहिला, आणि १९९१ सालीं ऑन्टॅरिओ प्रांतांत बॉर्डन येथें लोखंडाचा कीस व वाळू यांची भिंत जमिनींत घातली. लोखंड वजनानें अवघें २२ टक्के होतें. तरीहि सुमारें ९० टक्के ट्रायक्लोरोएथिलीन नष्ट झालें.

भिंत म्हटलें कीं अडविणारी वस्तु डोळ्यांपुढें येते. ही भिंत पाण्याला वाट देते, एरव्हीं ती निरुपयोगीच ठरली असती. भूजल आपल्या संथ गतीनें, दिवसाला कांहीं बोटें, तिच्यांतून पाझरतें. पंप नको, वीज नको. लोखंडानें दिलेले विद्युत्कण मिळाले कीं द्रवाच्या रेणूंतील क्लोरीन सुटून क्लोराइड होतें, जें मिठांतहि असतेंच. मागें एथिलीनसारखे निरुपद्रवी वायु उरतात. षट्संयुजी क्रोमियम त्रिसंयुजी होतें आणि लोखंडाबरोबर साक्याच्या रूपानें भिंतींतच बसून राहतें. मात्र पाणी पुरेसा वेळ आंत राहिलें पाहिजे. क्लोरीन अर्धवटच सुटलें तर व्हिनिल क्लोराइड उरण्याचा संभव असतो, व तें मूळ विषाहूनहि वाईट. म्हणून भिंतीची जाडी ठरवितांना पाण्याची गति आधीं नीट मोजावी लागते. येथें काटकसर महागांत पडते.

उत्तर कॅरोलिनांतील एलिझाबेथ सिटी येथें अमेरिकन तटरक्षक दलाचें केंद्र आहे. तेथील मुलामा देण्याचा कारखाना तीस वर्षांवर चालून १९८४ मध्यें बंद पडला. त्याच्या जमिनीखालून क्रोमियम व ट्रायक्लोरोएथिलीन दोन्ही जवळच्या पास्क्वोटँक नदीकडे सरकूं लागलीं होतीं. १९९६ च्या जूनमध्यें त्यांच्या वाटेवर ४६ मीटर लांब, ७.३ मीटर खोल आणि ०.६ मीटर रुंद असा चर खणीत, खणतां खणतांच त्यांत लोखंडाचे कण भरण्यांत आले. काम एका दिवसाच्या आंत उरकलें! भिंतीपलीकडील पाण्यांत क्रोमियम कायद्यानें ठरविलेल्या मर्यादेखालीं आलें. दुसऱ्या विषाचें काम इतकें सरळ झालें नाहीं. सर्वांत खोल नमुन्यांत तें कांहींसें आढळत राहिलें, तेव्हां थोडें पाणी भिंतीच्या खालून निसटत असावें, असा तर्क झाला.

दोष आणखीहि आहेत. लोखंडाच्या संगतींत पाणी अल्कधर्मी बनतें, त्यांतील चुना कणांवर बसतो, आणि कढईला पुटें चढावींत तसे भिंतीचे रंध्रमार्ग बुजूं लागतात. मग पाणी बाजूनें वाट काढतें. शिवाय मूळ सांडलेलें विष जागच्या जागींच असतें. भिंत केवळ त्याच्या वाटेवर उभी असते. तिच्या दोन्ही अंगांस लहान विहिरी पाडून नमुने घेत राहणें, हें काम कधीं संपत नाहीं. एलिझाबेथ सिटीच्या भिंतीचा पंधरा वर्षांचा हिशेब २०१४ मध्यें प्रसिद्ध झाला, तेव्हांहि ती क्रोमियम अडवीत होती.