कोणती विंडोज टाकायची?

नांदेड असो की लातूर, संगणक दुरुस्तीच्या दुकानात तासभर बसले तर एक वाक्य हमखास ऐकू येते: "विंडोज टाकून द्या." कोणती, ते गिऱ्हाईक सांगत नाही आणि बरेच कारागीर विचारत नाहीत. पेनड्राइव्हवर जी तयार असेल ती चढते, आणि ती बहुधा 'प्रो' असते. होमपेक्षा प्रो महाग, म्हणजे चांगलीच, हा समज दोन्ही शहरांत पक्का आहे.

नांदेडच्या एका दुकानात मात्र मी वेगळी रीत पाहिली. तिथला कारागीर आधी तीन गोष्टींचा छडा लावतो: यावर काम काय होणार, मशीन किती पेलेल आणि सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळतील. पेनड्राइव्ह हातात येतो तो त्यानंतर.

विष्णुपुरीला अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाचा लॅपटॉप घेऊन वडील आले होते. "सर, प्रोच टाका. पोरगं इंजिनिअरिंगला आहे."

"मामा, याच्यासोबत होम आलेली आहे. तिचे पैसे तुम्ही लॅपटॉप घेतानाच दिलेत. आता प्रो कशाला?"

त्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवून समजावले. विंडोज ८ च्या काळापासून कंपन्या परवान्याची चावी मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहून देतात. विंडोज नव्याने टाकताना इन्स्टॉलर ती चावी वाचतो आणि आवृत्ती न विचारता होम चढवतो. इंटरनेट जोडले की तीच ॲक्टिव्हेटही होते. मुद्दाम प्रो टाकली तर ही चावी तिला चालत नाही. मग क्रॅक शोधावा लागतो, आणि क्रॅक चालवायचा तर आधी अँटिव्हायरस बंद करा असे सांगितले जाते. पैसे भरून मिळालेला परवाना बाजूला ठेवून घरात चोरवाट उघडण्याचा हा प्रकार आहे.

प्रोमध्ये जास्तीचे काय असते? दुसऱ्या ठिकाणाहून रिमोट डेस्कटॉपने या संगणकात शिरता येते, कार्यालयाच्या डोमेनला तो जोडता येतो, ग्रुप पॉलिसीने सगळ्या यंत्रांना एकच नियम लावता येतात, डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर पूर्णपणे आपल्या ताब्यात राहते आणि यंत्रातच दुसरे आभासी यंत्र चालवणारे हायपर-व्ही मिळते. विद्यार्थ्याला लिनक्सचा सराव करायचा असेल तर विंडोजमध्येच लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल होमवरही मिळते. वडिलांना ते पटले आणि होमच टाकली गेली.

प्रोची गरज कुणाला असते, ते लातूरच्या मार्केट यार्डात दिसले. तूर-सोयाबीनच्या हंगामात आडतीवरचा हिशेब रात्री उशिरापर्यंत चालतो. मालकाला घरी बसून दुकानातल्या संगणकावरची टॅली विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपने उघडायची होती. होममध्ये ती सोय नाही, म्हणून प्रोची चावी विकत घ्यावी लागली. त्यासाठी फॉरमॅट मारावे लागले नाही. सेटिंग्जमध्ये नवी चावी घातली, यंत्र पुन्हा सुरू झाले आणि होमची प्रो झाली, हिशेबाची एकही फाइल न हलवता.

'होम सिंगल लँग्वेज' या नावानेही अनेक जण बिचकतात. तिच्यावर मराठी चालणार नाही असे त्यांना वाटते. तिची मर्यादा मेनू आणि सूचनांच्या भाषेपुरती आहे. मराठी टंकलेखनाला कोणतीच आवृत्ती अडवत नाही. इनस्क्रिप्ट कळफलक तर आहेच, आणि २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिकही आला.

खरी अडचण डीटीपीवाल्यांची आहे. लग्नपत्रिका आणि हँडबिले छापणाऱ्यांकडे जुन्या फॉन्टांतली वर्षानुवर्षांची कामे साठलेली असतात. त्या काळातल्या काही प्रोग्रामांचे इन्स्टॉलर १६ बिटचे, ते ६४ बिट विंडोजवर उघडतच नाहीत. हार्डवेअर लॉकचा ड्रायव्हर ३२ बिटचा असला तर तोही चढत नाही. विंडोज ११ ला तर ३२ बिट आवृत्तीच नाही. अशा ठिकाणी जुने ३२ बिट यंत्र इंटरनेटपासून तोडून फक्त त्या कामाला ठेवावे, मेल आणि व्हॉट्सॲप दुसऱ्या यंत्रावर घ्यावे आणि नवे काम युनिकोडमध्येच सुरू करावे.

तिसरा प्रश्न तारखेचा. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि साधारणपणे इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. ४ जीबी रॅम ही कागदावरची अट. प्रत्यक्षात ८ जीबी नसेल तर ब्राउझर आणि टॅली एकत्र उघडताच यंत्र रखडते. अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे आहेत, पण तशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

चांगल्या स्थितीतले जुने यंत्र म्हणून भंगारात काढायचे कारण नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती कमी रॅमवर चालते. २२ व्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, मराठी टंकलेखन होते, अभ्यास आणि कार्यालयीन पत्रव्यवहार होतो. टॅली मात्र विंडोजसाठी बनलेली आहे. डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यांनी आधी लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का ते पाहावे. इथेही काम पाहूनच ठरवायचे.

आणखी एक दक्षता प्रत्येकाने घ्यावी. नवी विंडोज ११ टाकून मायक्रोसॉफ्ट खाते जोडले की अनेक यंत्रांवर, होम आवृत्तीतही, डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि सुटकेची किल्ली त्या खात्यात जमा होते. घाईत दुकानदाराच्याच ईमेलने खाते उघडले, तर पुढे मदरबोर्ड बिघडल्यावर मुलाचा प्रकल्प आणि घरचे फोटो परत मिळवण्याची किल्ली परक्याच्या हातात राहते. खाते स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर, स्वतःसमोर उघडून घ्यावे.

हे सगळे विचारायला कारागिराची दहा मिनिटे जातात. आपल्याकडे लॅपटॉप बहुतेक घरांत एकच असतो. त्यावर लेकराचा अभ्यास, बापाचा धंदा आणि सरकारी अर्ज सगळे चालते. म्हणून ही दहा मिनिटे मागून घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाने बजावावा. बिलावर आवृत्तीचे पूर्ण नाव, ३२ की ६४ बिट, परवाना कोणता आणि अपडेट कधीपर्यंत, एवढे लिहून मागावे. आणि जो कारागीर न मागता ते लिहून देतो, त्याने मजुरी थोडी जास्त सांगितली तरी काम त्यालाच द्यावे.